टाकीबाहेरचं माणूस

मला पगार मिळायचा तो बोलण्याचा. ऐकणाऱ्याला थाप वाटते, पण खरं आहे. ज्या तोंडापायी लहानपणी घरात रोज बोलणी खाल्ली, त्याच तोंडावर मी पुढं नोकरी टिकवली. कारखान्यात सगळे मला टकळी म्हणतात. सुरुवातीला राग यायचा. आता कुणी खऱ्या नावानं हाक मारली तर मीच वळून बघत नाही.

कारखाना गोंदाचा. पुठ्ठ्याची खोकी चिकटवायला लागतो तो गोंद. तो शिजवायच्या टाक्या एकेक खोलीएवढ्या, चहूबाजूंनी बंद. वर माणूस जेमतेम शिरेल एवढं गोल तोंड आणि आत उतरायला लोखंडी शिडी. टाकी रिकामी झाली की तळाला गोंदाचा थर उरतो, वाळून चिवट झालेला. तो आत उतरून खरवडावा लागतो. त्या थराखाली वाफा कोंडून बसलेल्या असतात. थर फुटला की त्या वर येतात. आत हवा सोडणारा पंखा चालू असतो, त्याचा जाडजूड पाइप तोंडातून खाली सोडलेला असतो, पण कधी कधी पंखाही पुरा पडत नाही. वाफ नाकात गेली की माणसाला आधी उगाचच हसू येतं, मग झोप येते, आणि मग काहीच येत नाही.

म्हणून कायदा होता: आत माणूस असेल तोवर टाकीच्या तोंडाशी दुसरं माणूस पाहिजे, आणि त्या माणसानं दुसरं कुठलंही काम करायचं नाही. ते बाहेरचं माणूस म्हणजे मी. तोंडावर तिपाई, तिपाईला चरखी, चरखीवरून दोर, आणि दोराचं टोक आतल्याच्या पाठीवरच्या पट्ट्याला. मी दोरावर हात ठेवून बसायची आणि आतल्याला बोलतं ठेवायची. सासूची तब्येत विचार, पोराची शाळा विचार, नवीन असला तर पाढे म्हणायला लाव. उत्तर उशिरा आलं, शब्द जड झाले, नको तिथं हसला, की लगेच चरखी फिरवायची. कुणी म्हणायचं, "काय फुकटचं काम आहे हिचं!" म्हणेनात का. माझ्या दोराखाली एकही माणूस आडवा झाला नव्हता.

आणि आत बहुतेक वेळा असायचा माझा धाकटा भाऊ. त्याला कारखान्यात मीच चिकटवला. अंगानं किडकिडीत, त्या तोंडातून सहज आत जायचा. त्याची बायको मला म्हणायची, "ताई, तुम्ही वर आहात म्हणून मी घरी निवांत असते." मला ते ऐकून बरं वाटायचं आणि धडकीही भरायची.

मग नव्या कायद्याचा मसुदा आला. कॅन्टीनमध्ये लंबूनं मोबाइलवर वाचून दाखवला. लंबू पंख्यांवर काम करतो, नावाप्रमाणेच उंच, आणि भावाचा जिवलग. कामगारांच्या सुरक्षेचे कायदे जुने आणि किचकट झालेत, ते सुटसुटीत करायचे, असं वरच्यांच्या मनात होतं. आमच्यापुरतं सुटसुटीत म्हणजे काय, तर टाकीच्या तोंडाशी माणूस नसलं तरी चालेल, यंत्र असलं की पुरे. एकच माणूस लांब बसून तीन टाक्या सांभाळेल. कुणाची हरकत असेल तर कळवावी, असंही खाली लिहिलेलं होतं.

"कळव की मग हरकत," भाऊ मला म्हणाला. "बोलायला तर तुला पगार देतात."

सगळे हसले. मी हसले नाही.

कायदा अजून व्हायचा होता, पण आमच्या मालकांना कोण घाई! त्यांनी परवानगी काढून आधीच प्रयोग सुरू केला, आणि तो बघायला मसुदा करणाऱ्या समितीची माणसं येणार असं ठरलं. आमच्या छातीला लावायला काडेपेटीएवढं एक यंत्र आलं. माणूस हलत असेल तोवर ते गप्प; हलायचं थांबला की ते बोंबलणार. आम्ही त्याचं नाव भोंगा ठेवलं. ओढायला वर कुणी नाही तर दोर कशाला, म्हणून दोर, तिपाई आणि चरखी गोदामात गेली. मी गेले ऑफिसच्या खोलीत, पडद्यासमोर.

सेफ्टीसाहेब माणूस वाईट नव्हता. त्याचा त्या यंत्रावर मनापासून विश्वास होता. त्यानं मला चाकाची खुर्ची दिली, पाण्याची बाटली दिली आणि समजावून सांगितलं. पडद्यावर प्रत्येक टाकीपुढं एक ठिपका. हिरवा म्हणजे माणूस ठीक. ठिपक्याखाली एक रेघ. आतला हलला की ती उसळते. बोलायचं असेल तर बटण दाबायचं, आवाज भोंग्यातूनच जातो-येतो. बटण दाबलं तरच आतलं ऐकू येतं, नाहीतर तीन टाक्यांचा एकदम गलका होईल.

"दिवसभर बोलून घसा दुखत असेल ना तुमचा, ताई? आता आराम," तो म्हणाला.

आराम कसला! खुर्ची मऊ होती आणि माझा जीव टांगणीला लागलेला होता. टाकीच्या तोंडाशी मला वास यायचा, खरवडणी पत्र्यावर घासल्याचा आवाज यायचा, दोरातून त्याचं हलणं हाताला कळायचं. इथं मला हिरवा ठिपका दिसत होता, आणि पाळीपाळीनं बटण दाबून विचारलं की तेवढ्यापुरता एकेकाचा आवाज. पहिल्या दिवशी मी एकदा धावत सुटले, दुसऱ्या दिवशी पुन्हा. दोन्ही वेळा भाऊ आतून म्हणाला, "अगं, जिवंत आहे मी, जा की!" आणि आजूबाजूचे सगळे खो खो हसले. सुपरवायझरनं मला बाजूला घेऊन सांगितलं, पुन्हा असं झालं तर तुमच्या जागी दुसरं कुणी बसवू. मी जाऊन खुर्चीवर बसले. दुसरं कुणी तिथं बसण्यापेक्षा मी बसलेली बरी.

घरी मी भावाला म्हटलं, "समिती येऊन जाईपर्यंत सुट्टी टाक."

"आणि माझ्याऐवजी कुणी उतरायचं? लंबू? तो त्या तोंडात अडकला तर टाकी कापावी लागेल."

"चेष्टा नको करूस. मला भीती वाटते रे."

"तू आहेस ना पलीकडं," तो म्हणाला आणि जेवायला बसला.

सुरुवातीला भोंगा ऊठसूट बोंबलायचा. माणूस एका कोपऱ्यात उकिडवा बसून खरवडत असला की त्याला वाटायचं हा थांबला. तो वाजला की काम बंद, वर चढा, सही करा, परत उतरा. पोरं वैतागली. मग हळूहळू वाजणं कमी झालं, आणि पुढच्या आठवड्यात जवळजवळ थांबलं. सेफ्टीसाहेब खूश झाला. "बघा, सवय झाली त्यांना," तो म्हणाला. मलाही तसंच वाटलं. खरं कारण मला कुणी सांगितलं नाही, भावानंही नाही. त्याला माहीत होतं, सांगितलं असतं तर मी कारखाना डोक्यावर घेतला असता.

समिती आली ती सकाळीच. तिघं होते, त्यांतल्या चष्मेवाल्या बाई बारीकसारीक विचारत होत्या. माझ्या खुर्चीमागं सगळे गोळा झाले. सेफ्टीसाहेब पडद्याकडं बोट दाखवून सांगत होता, "तिन्ही हिरवे. माणसाचं लक्ष उडतं, माणूस पेंगतो. हे पेंगत नाही."

"आणि यंत्रच बिघडलं तर?" बाईंनी विचारलं.

"तर ठिपका लाल होतो."

मी ऐकत होते आणि मधल्या रेघेकडं बघत होते. ती भावाची. त्याचं खरवडणं मला पाठ होतं. चार हात मारणार, नाक पुसणार, पाठ सरळ करणार, गोंदाला एक शिवी देणार, की परत चार हात. त्याची रेघ तशीच चालायची, उड्या मारत, थांबत. आता ती एकसारखी चालली होती. मशीनवर टीप मारावी तशी बारीक, सरळ, मध्ये कुठंही खंड नाही. ती कधीपासून तशी होती ते मला कळेना. पाहुण्यांना नमस्कार करायला मी उठले होते, तेव्हा असेल, किंवा त्याच्याही आधी.

मी बटण दाबलं. "काय रे, आहेस ना?"

पंख्याची घरघर. बाकी काही नाही.

"ऐकतोयस का? ओ दे."

घरघर.

"ताई, हिरवा आहे," सेफ्टीसाहेब हळूच म्हणाला आणि पाहुण्यांकडं बघून हसला. "आत आवाज असतो, कामात असेल."

हिरवा तर होताच. क्षणभर मला वाटलं, टकळे, पुन्हा हसं होईल, आणि या वेळी खुर्चीही जाईल. चष्मेवाल्या बाई माझ्याकडं बघत होत्या. मी पुन्हा बटण दाबलं आणि त्याला लहानपणच्या नावानं हाक मारली, घरात आईशिवाय कुणी घेत नाही त्या. त्या नावानं चारचौघांत हाक मारली की तो दातओठ खायचा, कधी गप्प राहायचा नाही. पलीकडून घरघर आली.

मी धावले. खुर्ची मागं कुणावर तरी आदळली. जिना उतरले, आवार ओलांडलं, एक चप्पल कुठं राहिली कळलं नाही. पंख्यापाशी लंबू उभा होता, त्याला ओरडून म्हटलं, "ये!" लोखंडी पायऱ्या चढताना मी काय पुटपुटत होते देव जाणे.

टाकीच्या तोंडाशी कुणी नव्हतं. असणार कुठून? ती जागा माझी होती.

मी पालथी पडून बॅटरीचा झोत आत टाकला. भाऊ शिडीच्या पायथ्याशी बसला होता. पडलेला नव्हता, बसलेला होता. शिडीला पाठ टेकून, गुडघे जवळ घेऊन, मान खाली. कुणाची तरी वाट बघत बसावं तसा. आणि त्याच्यापासून हातभर वर, टोक पलीकडच्या कोपऱ्याकडं वळलेला पंख्याचा पाइप हवेनं थरथरत होता. त्या पाइपाला तारेनं बांधलेला भोंगा मजेत नाचत होता.

तेव्हा मला कळलं की भोंगे वाजायचे का थांबले. कोपऱ्यात बसून खरवडायचं तेवढ्यापुरते पोरं ते पाइपाला टांगायची.

मी हाका मारल्या. घसा फाटेपर्यंत मारल्या. त्याची मान हलली नाही. एवढ्यात लंबू वर आला, त्यानं आत बघितलं आणि पाय शिडीवर टाकला.

मी त्याचा कमरेचा पट्टा दोन्ही हातांनी धरला. "नाही उतरायचं!"

"सोड, ताई!"

"नाही उतरायचं म्हणते ना!"

"तुझा भाऊ आहे तो! सख्खा भाऊ आहे!"

"माहीत आहे मला!"

तो माझ्या दुप्पट. त्यानं मला शिवी दिली, माझी बोटं उलगडायला लागला. मी पट्टा हाताला गुंडाळून घेतला आणि पाय कठड्याला लावले. टाकीत एक गेला की त्याला काढायला दुसरा जातो, आणि तो शिडीच्या मध्यावरच गळतो. मग दोन मढी निघतात. हे मी प्रत्येक नव्याला सांगत आले होते. सांगणं सोपं असतं. आता खाली माझा भाऊ होता आणि माझं सगळं अंग म्हणत होतं, सोड याला, जाऊ दे, कुणी तरी जा, तूच जा. मी इतकी कधीच घाबरले नव्हते. मला मरणाची भीती नव्हती वाटत. आपली पकड सुटेल याची वाटत होती.

"पाइप!" मी ओरडले. "पाइप ओढ वर! हवा त्याच्या तोंडावर सोड!"

लंबूला ते पटलं की नुसतं काही तरी करायला मिळालं, माहीत नाही. त्यानं पाय बाहेर घेतला. आम्ही दोघांनी पाइप वर खेचला आणि शिडीच्या बाजूनं परत खाली सोडला, त्याच्या नाकासमोर येईल असा. खेचताना भोंगा काठावर आपटला, तार सुटली आणि तो तळाला जाऊन पडला. मागाहून कळलं, तेव्हा कुठं ऑफिसच्या खोलीत ठिपका लाल झाला आणि पाहुण्यांसमोर भोंगा बोंबलला.

हवेनं त्याचे केस उडत होते. मी बोलत होते. काय बोलत होते ते आठवत नाही. सासू, शाळा, पाढे, सगळं एकात एक. सेफ्टीसाहेबानं पळता पळताच बचाव पथकाला फोन केला होता. ते पाठीवर हवेच्या नळकांड्या बांधून आले. त्यांच्यातला एक आत उतरला आणि त्यानं भावाच्या काखेतून दोर घातला. चरखी गोदामात होती. म्हणून लंबू, मी, सेफ्टीसाहेब आणि समितीतला एक साहेब, चौघांनी त्याला हातानं वर ओढलं. त्याचं डोकं तोंडाबाहेर आलं तेव्हा त्याचे ओठ जांभळे होते. पथकातल्या माणसानं त्याच्या तोंडावर हवेचा मास्क धरला, छाती दाबली. मग तो खोकला. मी तिथंच पायरीवर बसले.

हॉस्पिटलमध्ये त्याला शुद्ध आली. डॉक्टर म्हणाले, वाचला, पण काही दिवस डोकं दुखेल, बोलणं जड राहील. भावजय त्याच्या पायाशी बसली होती. ती माझ्याशी बोलली नाही. बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

बाहेर व्हरांड्यात सेफ्टीसाहेब भेटला. त्याचा चेहरा एवढासा झाला होता. "प्रयोग तूर्त थांबवलाय," तो म्हणाला. "पण ताई, यंत्र त्यानंच काढून टांगलं होतं. चौकशीत तेच वर येईल. काही जण म्हणतायत, मसुद्यात एक कलम वाढवा, यंत्र काढणाऱ्या कामगाराला दंड."

"दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला," मी म्हटलं. "आणि टाकीच्या तोंडाशी कोण बसणार, त्याचं काय?"

"मी लिहीन माझं मत," तो म्हणाला. लिहील, याबद्दल मला शंका नव्हती. ते कोण वाचेल, याची होती.

मी आत गेले. भावानं डोळे उघडले होते. त्यानं मला खुणेनं जवळ बोलावलं. मला वाटलं, भोंग्याबद्दल चुकलं म्हणेल. मी आधीच म्हणाले, "काही बोलू नकोस. तो भोंगा गेला चुलीत."

"एवढा वेळ का लावलास गं?" तो म्हणाला.

मला कळलं नाही. "कसला वेळ?"

"मी सांगितलं ना तुला. डोकं गरगरतंय, ओढ म्हणून. दोनदा सांगितलं." शब्द जड येत होते, पण तो अगदी साधेपणानं बोलत होता, लहानपणी उशिरा घ्यायला गेले की रुसायचा तसा. "मग बसलो शिडीपाशी. आपलं ठरलंय ना, चक्कर आली की चढायचं नाही, हात सुटतो. खाली बसायचं, तुला सांगायचं, तू ओढणार. म्हटलं, ताईनं ऐकलंय, आता येईलच."

"शिडी तुझ्या पाठीला होती रे."

"हो ना. पहिल्यांदा चक्कर आली तेव्हा चढलो असतो मी. पाय चालत होते. पण तू रागावली असतीस."

भावजयीनं मान वर केली. मला खोटं बोलता आलं असतं. ऐकलं होतं, धावतच आले, असं म्हटलं असतं तर तो शांत झोपला असता. पण बरा झाला की तो परत कुठल्या तरी टाकीत उतरणार होता, आणि चक्कर आली की परत खाली बसून माझी वाट बघणार होता.

"मला ऐकू आलं नाही," मी म्हटलं. "बटण दाबल्याशिवाय तुमचा आवाज माझ्याकडं येतच नव्हता. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

टाकीतून काढताना, अँब्युलन्समध्ये, शुद्धीवर येताना, कधीही त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. ती आता आली. त्यानं बायकोचा हात चाचपून धरला.

"पण मी रोज बोलायचो तुझ्याशी," तो म्हणाला. "उतरल्यापासून वर येईपर्यंत. मग मी कोणाशी बोलत होतो?"